कोपरातलं पाणी

तलवारी पेटीत घुसतात तेव्हा आत बसलेल्या बाईनं काय करायचं असतं, असं लोक मला आजही विचारतात. काही नाही. पोट आत ओढायचं, डावा गुडघा छातीशी घ्यायचा आणि डब्यातलं पीठ उद्याला पुरेल का, याचा विचार करत बसायचं. बाहेर पोरं किंचाळत असतात आणि आत आपण घामानं निथळत असतो. माझं निम्मं आयुष्य त्या पेटीत गेलं. जादूगाराची बायको म्हणजे निम्मा जादूगार, असं आमचे प्रोफेसर म्हणायचे. पोस्टरवर मात्र त्यांचं एकट्याचंच तोंड असायचं, फेट्यासकट.

प्रोफेसर म्हणजे माझे यजमान. कॉलेजात वगैरे शिकवत नव्हते, सातवी पास होते. जादूगारानं नावामागं प्रोफेसर लावायचं, अशी त्या काळी धंद्यात रीतच होती. मीही त्यांना घरात प्रोफेसरच म्हणायची, राग आला की फक्त ‘अहो’. दोन ट्रंका एसटीच्या टपावर टाकून आम्ही बीड जिल्हा पालथा घातला. शाळा, जत्रा, साखर कारखान्यांची पटांगणं, सोसायट्यांची गोदामं, जिथं पोरं गोळा होतील तिथं आमचा खेळ.

जादूत हाताची चलाखी निम्मीच असते. उरलेली निम्मी म्हणजे बघणाऱ्याची नजर नको तिथून हलवणं, आणि ते काम माझं. मी पदर सावरला की सगळं गोदाम पदराकडं बघायचं आणि तेवढ्यात प्रोफेसरांचा हात खिशात जाऊन परत आलेला असायचा. यात देव नाही, भूत नाही, मंत्र नाही. ‘आबरा का डाबरा’ म्हणायचं ते पोरांच्या मजेसाठी. खेळाच्या आधी प्रोफेसर हात जोडून सांगायचे, ‘बाळांनो, ही हातचलाखी आहे. आम्ही तुम्हाला फसवणार आहोत, सांभाळून राहा.’ इतकं सांगून फसवणारा दुसरा धंदा मला तरी माहीत नाही.

तरीही आमच्यावर देवाधर्माच्या नावानं हरकत आली नाही असं वर्ष गेलं नाही. पहिली हरकत माझ्या माहेरची. आम्ही लिंगायत, पाटोद्याला वडिलांचं किराणा दुकान. कपाळाला विभूती लावल्याशिवाय ते तराजूला हात लावत नसत. त्यांची पोर लोकांसमोर पेटीत शिरून तलवारी खाते, हे कळल्यावर वर्षभर त्यांनी तोंड पाहिलं नाही. पुढं एकदा दुकानात गेले, तेव्हा गिऱ्हाईक समोर असतानाच त्यांनी हळूच विचारलं, “पेटीत जाताना गळ्यातलं लिंग काढून ठिवतीस का?”

“नाही, अप्पा.”

“आन तलवारी लागत न्हाईत?”

“नाही.”

“मग त्योच सांभाळतोय,” म्हणाले आणि गूळ तोलायला लागले. पेटीला आत चोरकप्पा असतो, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. त्यांच्या जिवाला तेवढाच आधार होता, मी कशाला काढून घेऊ?

एका शाळेत हेडमास्तरांनी प्रोफेसरांना बाजूला घेऊन सांगितलं की रिकाम्या मुठीतून राख तेवढी काढू नका. राख साधुपुरुषांनी काढायची, पँट घातलेल्या माणसानं नाही. प्रोफेसर म्हणाले, “मग खडूची भुकटी काढली तर चालेल?” हेडमास्तरांनी थोडा विचार केला आणि खडू चालेल म्हणाले. आम्ही येताना हसत आलो. असल्या हरकतींची भीती वाटत नाही.

चौसाळ्याच्या पलीकडं एका वस्तीवर मात्र हसण्यासारखं नव्हतं. खेळ झाला आणि दुसऱ्या दिवशी एका पोराला ताप भरला. आमच्याकडं कागदाच्या लगद्याची एक कवटी होती, दोरा ओढला की जबडा हलवायची. पोरगं तापात कवटी, कवटी असं बडबडलं. झालं. बापानं देवऋषी आणला, त्यानं सुपात तांदूळ टाकले आणि बोट माझ्याकडं केलं. प्रोफेसरांकडं नाही, माझ्याकडं. त्या माणसांनी कवटी जाळली, माझा स्टेजवरचा चमकीचा झगा जाळला आणि मला त्या पोराच्या उशाशी बसवून ‘सोडते, सोडते’ असं म्हणायला लावलं. मी म्हणाले. पोराचा ताप उतरेपर्यंत आम्हाला वस्ती सोडू दिली नाही. तो उतरला नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही पुरता करत नाही. तेव्हापासून कुठल्याही गावात शिरताना मी आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवायची.

ज्या गावाबद्दल मला लिहायचं आहे, त्या गावाला तर एकच वाट होती आणि एसटी दिवसाआड यायची. गाव शिरूर कासारच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. नाव लिहीत नाही, त्यातली माणसं अजून आहेत. दुष्काळ होता, पण बहात्तरचा नव्हे, त्याच्या पुष्कळ नंतरचा. बहात्तरला लोक खडी फोडत होते आणि या वेळी टँकरमागं पळत होते. गावातला हापसा नुसता हवा ओकायचा. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर जायचं, पण त्या साली ऊसच जेमतेम, म्हणून टोळ्या लवकर परतल्या होत्या. पोरं पाचटाच्या खोपीत राहून, आईबापांबरोबर थंडीत कुडकुडून घरी आलेली. सोसायटीच्या चेअरमनना वाटलं, पोरांना एक दिवस हसू द्यावं. माणूस दिलाचा चांगला. खताचं गोदाम रिकामंच होतं, तिथं खेळ ठरला.

“ते कोपरातून पानी काढायचं दाखवा बरं का,” चेअरमन म्हणाले. “मी कारखान्याच्या कार्यक्रमात बघितलंय. हसून हसून पोट दुखलं माझं.”

प्रोफेसरांचा चेहरा उतरला. त्यांचे उस्ताद हैदराबादकडचे, त्यांनी शिष्याला दोन गोष्टींची शपथ घातली होती. भेद फोडायचा नाही, ही एक. आणि भुकेल्यासमोर भाकरी गायब करायची नाही, तहानेल्यासमोर पाणी काढायचं नाही, ही दुसरी. प्रोफेसर म्हणाले, “चेअरमनसाहेब, पाण्याचा खेळ राहू द्या. दिवस वाईट आहेत.”

“अहो, म्हणूनच दाखवा म्हणतोय! पान्यावर हसायला मिळालंय का आमाला वर्षात?”

बोलावणाऱ्याचा हट्ट. प्रोफेसरांनी मान डोलावली.

गावात त्याच वेळी पावसासाठी सप्ताह बसलेला होता. मठाचे महाराज उंचेपुरे, वाळलेले, आवाज अगदी हळू. खेळाच्या आधी ते गोदामाच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्यामागं टाळकरी होते. मी पहिल्यांदा मागचं दार उघडं आहे का ते पाहिलं. ते बाहेरून कुलूपबंद होतं.

“प्रोफेसर,” महाराज म्हणाले, “लेकरांना हे दाखवू नका. माझी इनंती हाय.”

“महाराज, आम्ही आधीच सांगतो की ही हातचलाखी आहे. देवाचं नावसुद्धा घेत नाही.”

“तुमी सांगता, खरं हाय. पण ज्याला गरज हाय त्याला ते ऐकू येत न्हाई. चमत्कार बघायची चट लागली की मानूस नामाला बसत न्हाई, चमत्काराच्याच मागं पळतो. मोठ्यांचं मी बघून घेईन. लेकरांच्या डोक्यात नका भरवू.”

चेअरमन मध्ये पडले. “महाराज, तुमचं कीर्तन संध्याकाळी, यांचं दुपारी. कावून अडवताय?” महाराजांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि गेले. त्या पाहण्यात राग होता की कीव, ते मला तेव्हा कळलं नाही. मला चौसाळ्याकडची वस्ती आठवत होती. मी प्रोफेसरांना म्हटलं, “अहो, हे रात्री माणसं घेऊन येतील.” ते म्हणाले, “तू ट्रंका आवरूनच ठेव.”

आता तो खेळ कसा असतो ते सांगते. भेद फोडायचा नसतो, पण हा भेद त्या गावात फुटला तो फुटलाच. रॉकेल ओतायचं नरसाळं असतं ना, तसं पत्र्याचं नरसाळं. पण दुहेरी. एका नरसाळ्यात दुसरं बसवून काठ कथलानं सांधून बंद केलेला, मध्ये पोकळी. पोकळीत आधीच पाणी भरलेलं असतं. कडीखाली एक बारीक भोक असतं. त्यावर अंगठा दाबला की पाणी आत अडून राहतं, अंगठा सोडला की खालून धार लागते. वरून पाहिलं तर नरसाळं कोरडं ठणठणीत. एका पोराला समोर बोलवायचं, त्याला पेलाभर पाणी प्यायला द्यायचं, मग त्याच्या कोपराखाली नरसाळं धरायचं आणि त्याचा हात हापशासारखा वरखाली करायचा. कोपरातून पाणी. पोरं लोळतात हसून.

पोर कोणतं निवडायचं, याचीही आमची रीत होती. सगळ्यात कमी हसणारं. ते हसलं की सगळी सभा हसते. त्या दिवशी पुढच्या रांगेत एक सातआठ वर्षांची मुलगी बसली होती, छबू. कबुतर निघालं तरी हसली नाही, रुमालाचे रंग बदलले तरी नाही. प्रत्येक वेळी ती प्रोफेसरांच्या दुसऱ्याच हाताकडं बघायची. प्रोफेसरांनी तिला वर घेतलं. ती गटागटा पाणी प्याली, पेला उलटा करून शेवटचा थेंब जिभेवर घेतला. मग प्रोफेसरांनी तिचा हात हापसायला सुरुवात केली आणि खाली ठेवलेल्या पेल्यात धार लागली.

कुणीच हसलं नाही.

मी स्टेजवर इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. दाराशी, खिडक्यांशी मोठी माणसं दाटली होती. सगळ्यांची नजर त्या धारेवर. मी नेहमीसारखं टाळ्या वाजवत पुढं झाले, पदर झटकला, कुणी माझ्याकडं पाहिलं नाही. एक म्हातारी काठी टेकत वर आली, पेल्यात बोट बुडवलं आणि दोन्ही डोळ्यांना लावलं. मग तिनं छबूच्या पायावर डोकं ठेवलं.

“पोरगी पायाळूच हाय,” मागून कुणीतरी म्हणालं.

पायाळू म्हणजे जन्मताना पायाकडून आलेलं माणूस. त्याला जमिनीतलं पाणी दिसतं, धन दिसतं, असं आमच्याकडं लोक धरून चालतात. पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून शिवारात फिरतो, तसं पायाळूला विहिरीची जागा दाखवायला नेतात. प्रोफेसर ओरडून सांगत होते, “ही हातचलाखी आहे, बाबांनो!” पण ते ओरडणंही खेळातलंच वाटलं असावं. पेला कुणीतरी देवळात नेला. छबूला तिच्या चुलत्यानं, बापूरावांनी, खांद्यावर घेतलं. तिची आई गयाबाई गर्दीतून मागं मागं पळत होती. बाप कारखान्यावरच मागं राहिला होता, बैल आजारी पडला म्हणून.

रात्र आम्ही गोदामात दाराला ट्रंका लावून काढली. महाराज माणसं घेऊन येतील, हीच माझी भीती. कुणी आलं नाही. सकाळी मात्र हलगी वाजायला लागली आणि थोड्या वेळानं दारावर थाप पडली. फटीतून पाहिलं तर महाराज. प्रोफेसरांनी तलवारींपैकी एक हातात घेतली. ती ॲल्युमिनियमची होती, वांगंसुद्धा कापलं नसतं.

“उघडा,” महाराज बाहेरून म्हणाले. “मी एकटाच हाय. भांडायला न्हाई आलो. पोरगी आडाकडं नेलीय.”

मी ट्रंक सरकवली. महाराज धापा टाकत होते. गावचा आड आठ-दहा पुरुष खोल, वर्षभर कोरडा. गावानं ठरवलं होतं की पायाळू पोरीला दोर बांधून तळाला उतरवायचं. तिनं खडकाला कोपर लावलं की झरा फुटणार.

“त्या आडात हवा न्हाई,” महाराज म्हणाले. “कंदील सोडला तर इझतो. मागल्या साली गाळ काढायला गडी उतरला, बेसुद्ध वर काढला, दोन दिसांनी गेला. मी सांगून थकलो. माझं कुणी ऐकत न्हाई. म्हनत्यात, पाच दिस नाम घेतलं, थेंब न्हाई पडला, आन पोरीच्या अंगातनं पानी आलं. आता तुमीच सांगा त्यांना. तुमच्याच तोंडून पायजे.”

ज्या माणसाला मी रात्रभर भ्याले होते, तो आमच्यापुढं हात जोडून उभा होता. प्रोफेसर मुकाट्यानं नरसाळं घेऊन निघाले. मीही.

आडाभोवती गाव लोटलेलं. छबूला हिरवं परकर-पोलकं घातलं होतं, कपाळभर मळवट भरला होता, कमरेला चऱ्हाट. बापूराव दोराचा पीळ तपासत होते. गयाबाईला दोन बायांनी दंडाला धरून ठेवलं होतं. ती ओरडत नव्हती, नुसती पोरीच्या पायांकडं बघत होती.

उस्तादांची दुसरी शपथ प्रोफेसरांनी काल मोडली होती, आज पहिलीही मोडली. नरसाळं उंच धरून त्यांनी सगळं सांगितलं, पोकळी दाखवली, भोक दाखवलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“हे तुमचं नरसाळं खोटं असंल,” बापूराव म्हणाले. “आमच्या पोरीचं खरं हाय.”

“अहो, तेच हे नरसाळं!”

“मग काल कावून न्हाई सांगितलं? आज पानी निघायची येळ झाली तवा सांगताय? तुमाला पानी बांधून न्यायचंय.”

मागून एक जण ओरडला, “या बाईलाच आधी उतरवा बे! हिनंच काल पदर झटकला, मी बघितलंय!” आणि एका हातानं माझं मनगट धरलं. कुणाचा हात होता ते मी पाहिलंसुद्धा नाही. मला फक्त आडाचा काठ दिसत होता, दोरानं घासून गुळगुळीत झालेला. ‘सोडते, सोडते’ असे शब्द माझ्या तोंडात आपोआप आले होते.

महाराज मध्ये शिरले. “हात काढ,” ते त्या माणसाला म्हणाले, आणि माझं मनगट सुटलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “बाई, भरून द्या ते. मी करून दाखवतो.” मग लोकांना म्हणाले, “माझ्यावर तर इस्वास हाय ना तुमचा? मला न्हाई येत मंत्र, न्हाई येत जादू. मला जमलं तर ते कुनालाबी जमंल.”

पाणी कुठून आणायचं? सप्ताहाच्या पूजेचा कलश आणला, टँकरच्या पाण्याचा. मी नरसाळ्याच्या खालच्या नळीला बोट लावून पोकळी भरली, वर अंगठा दाबला आणि महाराजांच्या अंगठ्याखाली भोक सरकवलं. त्यांनी असलं काही कधी हातात धरलं नव्हतं. त्यांनी बापूरावांचं कोपर धरायच्या आतच अंगठा घसरला आणि सगळं पाणी मातीत गेलं. मातीनं ते लगेच पिऊन टाकलं.

गर्दीतून ‘आरं आरं आरं’ असा आवाज आला. पूजेचं पाणी सांडलं होतं. आता महाराजांकडंही लोक रागानं बघायला लागले. कुणीतरी हलगीवाल्याला खूण केली. बापूरावांनी छबूला उचलून काठावर उभं केलं.

“भोक दाबून धरायचं असतंय, महाराज,” छबू म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

“मला कालच गार लागलं. पत्रा होता कोपराला. अंगठा उचलला तवा पानी आलं.” ती अगदी सरळ सांगत होती. “मी आजीला सांगितलं. आजी म्हनली, देवाचं आसं बोलू नाय.”

कुणाला सुचायच्या आत मी पुढं झाले. कलशात तळाला थोडं पाणी होतं, ते मी नरसाळ्यात भरलं आणि नरसाळं तिच्या हातात दिलं. तिचा अंगठा एवढासा, पण नेमका भोकावर बसला. मी म्हटलं, “छबू, चुलत्याला दाखव.”

बापूराव मागं सरकले, पण पोरीनं त्यांचा हात पकडला होता आणि सगळं गाव बघत होतं, हात काढून घ्यायची सोय नव्हती. तिनं नरसाळं त्यांच्या कोपराखाली धरलं. प्रोफेसरांनी काल केलं तसंच, अगदी तसंच, तिनं त्यांचा हात वर केला, खाली केला, वर केला. आणि अंगठा सोडला.

बापूरावांच्या काळ्याभोर, ऊस तोडून तोडून राठ झालेल्या कोपरातून पाण्याची धार लागली. पाणी त्यांच्या पायावर पडत होतं आणि ते त्याच्याकडं बघत होते.

छबूनं कमरेचा दोर सोडायचा प्रयत्न केला, गाठ सुटेना. मग तिनं दोराचं दुसरं टोक उचलून चुलत्यापुढं धरलं.

“नाना, आता तुमी उतरा.”

पहिल्यांदा कुणीतरी पोरगं हसलं. मग सगळी पोरं. मोठी माणसं हसली नाहीत. ती एकेक करून निघून गेली, कुणाकडं न बघता, वाटेतल्या देवळात पितळी घंगाळात पूजलेल्या त्या पेल्याकडं न बघता. बापूराव मात्र खाली बसले आणि त्यांनी पोरीच्या कमरेची गाठ दातांनी सोडवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाईट माणूस नव्हता तो. त्याला पाणी हवं होतं.

महाराज गोदामापर्यंत आम्हाला सोडायला आले. प्रोफेसर त्यांना म्हणाले, “तुमचं बरोबर होतं, महाराज. मी ऐकायला पाहिजे होतं.” महाराजांनी मान हलवली. “माझं तरी कुठं ऐकलं त्यांनी? पंचवीस वर्सं मी त्यांना सांगतोय की देवाला मागा, तो देतो. त्यांनी मागितलं. मग जिथं पानी दिसलं तिथं देव बघितला, यात त्यांची काय चूक?” एवढं बोलून ते गेले. संध्याकाळचं कीर्तन त्यांनी केलं की नाही, मला माहीत नाही. पाण्याचा खेळ आम्ही पुन्हा कधी केला नाही. ते नरसाळं प्रोफेसरांनी दगडावर ठेवून चपटं करून टाकलं.

एसटीची वाट बघत मी ट्रंकेवर बसले होते. प्रोफेसर चेअरमनकडं निरोप घ्यायला गेलेले. तेव्हा गयाबाई आली. डोक्यावर रिकामी घागर, टँकरच्या रांगेला निघालेली. मला वाटलं शिव्या देईल, आणि मी त्या खाल्ल्याही असत्या. ती माझ्याजवळ खाली बसली. माझ्या मनगटावर बोटांचे वळ उठले होते, त्यावरून तिनं हात फिरवला. इकडंतिकडं कुणी नाही हे बघितलं.

“मावशी, एक इचारू का?”

“विचार ना.”

“त्या नरसाळ्याचं कळलं मला. समदं कळलं.” तिचा आवाज इतका खाली आला की मला वाकावं लागलं. “पर खरं सांगा. त्यातलं थोडं तरी पानी तिचं होतं का? मी कुनाला सांगत न्हाई. आडाकडं तर तिला जाऊच देत न्हाई. नुसतं घरापुरतं.”

“नाही गं,” मी म्हणाले. “एक थेंबसुद्धा नाही.”

ती माझ्याकडं बघत राहिली, मी अजून काही लपवतेय का ते शोधत. मग “बरं” म्हणाली, घागर उचलली आणि रांगेला लागायला गेली.